सिंदेवाहीचा लोहमार्ग व हमालांची वृत्ति

धान्य-मिठाची ने-आण करणारे बंजाऱ्यांचे तांडे रेल्वेनें मोडले, एवढें सांगून या प्रांताच्या वाहतुकीचे इतिहासकार बहुधा थांबतात. आमच्या मतें ही अर्धीच कथा होय. गोंदियाहून १९०८ सालीं नागभिडास आलेला व पुढें सिंदेवाहीवरून चांदा फोर्टास गेलेला बंगाल-नागपूर रेल्वेचा फांटा अडीच फुटी, तर गोंदियाचा मुख्य मार्ग साडेपांच फुटी. अर्थात् सिंदेवाहीच्या तांदळाचें पुढें जाणारें प्रत्येक पोतें गोंदियास एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरावें लागे. रुळांच्या या तीन फुटांच्या फरकावर हमालांचे संसार उभे होते! शेतापासून स्टेशनापर्यंतची वाट मात्र गाडीवानाकडेच राहिली. १९९९ पर्यंत सारा फांटा रुंद झाला. व्यापाऱ्यांचा वेळ वांचला, आणि पोतीं पालटण्याचें तें काम उरलें नाहीं.