आठाच्या आत सिलोन

१९५५ सालच्या पावसाळ्यातला बुधवार. तुम्ही गिरगावातल्या एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात उभे आहात. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. साडेसहा वाजून गेलेत. समोरच्या चाळीतला मुलगा रेडिओ ठेवून दारातच घुटमळतोय. बगलेत पोस्टातून काढलेल्या परवान्याचं पुस्तकही आहे. रेडिओ घराबाहेर निघाला की परवाना जवळ असलेला बरा, असं घरच्यांनी बजावलं असणार.

"काका, आठाच्या आत होईल ना?"

आठाला काय असतं ते कुणी सांगायला नको. कोलंबोच्या रेडिओ सिलोनवर सिनेमाच्या गाण्यांची बिनाका गीतमाला. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि ऑल इंडिया रेडिओवर सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ बंदीच झाली. मंत्री आपले मराठी, शास्त्रीय संगीताचे अभिमानी. त्यांच्या अभिमानाचा फायदा झाला तो कोलंबोला.

तुम्ही रेडिओचा कान पिळून पाहता. घुंडी नुसतीच फिरते, काटा जागचा हलत नाही. दोरा तुटलाय. तुमचा हात आत जाणार तोच दुकानाचे मालक काका ओरडतात, "आधी प्लग काढ! आणि काढलास तरी थांब जरा. आत अडीचशे व्होल्ट खेळतात, कंडेन्सर लगेच रिकामा होत नाही."

आधी काच. धुरानं पिवळी पडलेली. तुम्ही ओलं फडकं उचलता, काका ते काढून घेतात. मुंबई, दिल्ली, लंडन ही सगळी नावं काचेच्या मागच्या अंगाला छापलेली आहेत. पुढून हवं तेवढं पुसा. मागून ओला हात फिरला की अख्खं शहर फडक्यावर येतं. कुणीतरी तो उद्योग आधीच करून ठेवलाय, कलकत्त्यातलं नुसतं 'कल' उरलंय. ते रंगवायचं का, असं तुम्ही विचारता. "कशाला? लोक काटा बघतात." काका मागच्या बाजूवरून कोरडा मऊ ब्रश हलकेच फिरवतात, बस्स.

खरं काम दोऱ्याचं. केंद्र निवडणाऱ्या गँग कंडेन्सरच्या मोठ्या चाकातून दोरा निघतो, घुंडीच्या दांड्याला वेढे घेतो, कोपऱ्यांतल्या छोट्या पुल्यांवरून जाऊन परत चाकाशी येतो आणि तिथल्या स्प्रिंगला अडकतो. वेढे कमी पडले तर दोरा घसरतो, एकावर एक चढले तर अडकतो. स्प्रिंग अर्धवट ताणलेली हवी. दोरा सैलावला की ती ढील ओढून घेते. तुमची गाठ दोनदा सुटते. काका दोऱ्यावर चिमूटभर राळ चोळतात, म्हणजे दांड्यावर पकड बसते.

मग काटा. तो वाटेल तिथे चिकटवायचा नसतो. गँगची पानं एकमेकांत पूर्ण मिटवायची; त्या स्थितीत काटा मीडियम वेव्हच्या ५५० मीटरकडच्या टोकाच्या खुणेवर आला पाहिजे. तिथे धरून तो दोऱ्यावर दाबायचा.

आठाला दहा कमी. प्लग लागतो. काचेमागचा बारका दिवा पेटतो, व्हॉल्व्ह तापेपर्यंत पेटी गप्प. मुंबई केंद्र आपल्या खुणेवर लागतं. आता शॉर्ट वेव्ह. २५ मीटरचा पट्टा या काचेवर बोटाच्या पेराएवढाही नाही, आणि त्यातच सगळी दाटी. तुम्ही श्वास रोखून घुंडी केसभर फिरवता. शिट्टी, खरखर, कुठली तरी परकी भाषा, पुन्हा खरखर, आणि सिलोन. पोरगा पैसे टेकवून पेटी उचलतो आणि पावसातच पळतो. मोठा हिशोब काकांनी मांडलेला नाही. दोऱ्याचे आणि मजुरीचे, एवढेच.

आजच्या काळात परत आल्यावर माळ्यावरचा जुना रेडिओ खाली काढणार असाल, तर काचेच्या मागच्या बाजूला पाणी लावू नका. जुना दोरा कापण्याआधी त्याची वाट कागदावर काढून ठेवा. आणि प्लग एकदम लावू नका. इतक्या वर्षांचे कंडेन्सर आधी जाणकाराकडून तपासून घ्या.