८९० : एका आलेखातली मुंबई

आमच्या घरच्या वंशावळीत एका नावापुढे ‘प्लेगात’ एवढाच शब्द लिहिलेला आहे. वर्ष नाही, गाव नाही. लहानपणी मला ते एखाद्या गावाचंच नाव वाटे. तिकडे गेलेलं माणूस परतत नसावं. साथरोगांच्या गणिताचा इतिहास धुंडाळताना तो प्लेग मला पुन्हा भेटला, तोही एडिंबरोच्या एका डॉक्टरांच्या शोधनिबंधात.

अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक (१८७६–१९४३) हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. १९०१ मध्ये ते रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर मलेरियाच्या मोहिमेवर सिएरा लिओनला गेले. त्यांना गणिताकडे वळवलं ते रॉस यांनीच. पुढे कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करून १९२० मध्ये ते मायदेशी परतले. त्यांच्या निबंधांची यादी कालक्रमानं लावली, तर १९११ मध्ये एम. केशव पै यांच्यासह जंतूंच्या वाढीच्या वेगावर लिहिलेला निबंध दिसतो, १९१४ मध्ये संभाव्यतेवरचा, आणि मग १९२६ व १९२७ चे दोन. हे शेवटचे दोन्ही एडिंबरोत लिहिलेले. पण ते उघडले की आत भारत निघतो.

१९२६ च्या निबंधात भारतातल्या एका खेड्यातली पटकीची साथ आहे. २२३ घरं. त्यांपैकी १६८ घरांत एकही रोगी नाही. ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. मॅकेंड्रिक यांचा प्रश्न साधा होता : ही १६८ घरं नशिबानं वाचली, की रोग त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही? रोगी असलेल्या घरांच्या आकड्यांवरून त्यांनी हिशेब मांडला. रोगाच्या तावडीत सापडू शकणारी घरं सुमारे ९३ निघाली. मग त्यांनी तर्क केला की गावात अनेक विहिरी असाव्यात आणि ही ९३ घरं एकाच दूषित विहिरीचं पाणी पीत असावीत. गावात पाऊल न ठेवता, केवळ पाच आकड्यांवरून ते विहिरीपर्यंत पोचले.

१९२७ चा निबंध जगप्रसिद्ध झाला. सहलेखक होते विल्यम कर्मॅक. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. त्यानंतरचं गणित त्यांनी मनातल्या मनात केलं. साथ ओसरायला सगळी माणसं आजारी पडावी लागतात असं नाही, रोग होऊ शकेल अशांची संख्या एका मर्यादेखाली गेली की ती आपोआप ओसरते, हे या दोघांनी सिद्ध केलं. आपण २०२० मध्ये रोज ज्या चढत्या-उतरत्या रेषा पाहत होतो, त्यांच्या मुळाशी हेच गणित आहे.

सिद्धान्ताला दाखला म्हणून निबंधात एक आकृती आहे : मुंबई बेटावरचे प्लेगचे आठवडी मृत्यू, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. बिंदू प्रत्यक्ष मृत्यूंचे, रेषा समीकरणाची. समीकरणात एक स्थिरांक आहे, ८९०. म्हणजे साथ शिखरावर असताना, एप्रिलच्या मध्यास, आठवड्याला सुमारे ८९० मृत्यू. बिंदू आणि रेषा छान जुळतात.

या जुळण्यावर मी बरेच दिवस खूश होतो. मग कागद घेऊन बसलो. रेषेखालचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ८,९०० मृत्यू. मुंबईची वस्ती तेव्हा दहा लाखांच्या आसपास. शंभरातला एकही माणूस गेला नव्हता, तर साथीला माणसं कमी पडली कशी? ८० ते ९० टक्के रोगी दगावत, हे धरूनही हिशेब बसत नाही. उत्तर मुंबईकरांना ठाऊक होतं. प्लेग दरवर्षी हिवाळ्याअखेर चढे आणि पावसाळ्यापर्यंत उतरे. खरी साथ उंदरांची होती, माणसांत यायची ती त्यांच्या पिसवांमार्फत. २०१२ मध्ये फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी ऋतुमान हिशेबात घेऊन हेच दाखवलं. आणि माणसांची साथ ही उंदरांच्या साथीचं प्रतिबिंब आहे, आपली गृहीतकं इथे पुरती लागू नाहीत, याची कबुली मूळ लेखकांनीही आकृतीसोबत दिली होती. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी आकृती घेतली. कबुली बहुधा गाळली.

म्हणून सिद्धान्त खोटा ठरत नाही. पण खेड्यातल्या पाच आकड्यांनी विहिरीचा माग दाखवला आणि मुंबईच्या सुबक रेषेनं उंदीर झाकला, हे मला विसरता येत नाही. रेषा जुळली म्हणजे कारण सापडलं असं नव्हे.

वंशावळीतलं आमचं माणूस त्या बिंदूंमध्ये आहे की नाही, हे मला कधीच कळणार नाही. त्या नावापुढचं ‘प्लेगात’ मी तसंच ठेवलं आहे.