'तो आपल्यातला नाही' असं मुलांनी सांगितलं तर? वेगळ्या धर्मातलं नातं: दीन, कायदा आणि घर

पनवेल स्टेशनवरून माथेरानच्या पायथ्याकडे जाणारा रस्ता धरला की गाढी नदीच्या बाजूने नेरे लागतं. कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या शांतिवनामुळे हे नाव पूर्वीपासून ओळखीचं. आता या पट्ट्यात भातशेतीच्या शेजारी सोसायट्या उभ्या राहिल्यात. मोहल्ल्यातली मुलं-मुली पनवेल, खारघरच्या कॉलेजात जातात, बेलापूर-ऐरोलीला नोकरी करतात. लोकलमध्ये, क्लासमध्ये, ऑफिसात सगळ्या धर्मांची माणसं भेटतात. ओळखीतून मैत्री होते, आणि कधी त्यातून आणखी काही.

मग एक दिवस मुलगी अम्मीला हळूच सांगते, "मला एक मुलगा आवडतो. पण तो आपल्यातला नाही." किंवा मुलगा बाबांसमोर मान खाली घालून असंच काही बोलतो. त्या क्षणी घरात दोनच गोष्टी होतात: आरडाओरडा, नाहीतर गप्प बसणं. दोन्हीने प्रश्न सुटत नाही. या विषयावर ऐकीव गोष्टी फार आहेत, नेमकी माहिती कमी. ती एका ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख.

दीन काय सांगतो

आधी डेटिंगबद्दल. निकाहशिवाय स्त्री-पुरुषाने एकांतात राहणं आणि शारीरिक जवळीक इस्लाममध्ये मना आहे. समोरचा मुसलमान असला तरी हाच नियम. त्यामुळे "मुलगा आपल्यातला असता तर फिरायला हरकत नव्हती" असं म्हणणाऱ्यांनी स्वतःला एकदा विचारून बघावं, की आपण दीनबद्दल बोलतोय की बिरादरीबद्दल.

लग्नाबाबत मुख्य आधार दोन. सूरह बकराच्या आयत २२१ मध्ये मुश्रिक स्त्री-पुरुषांशी, ते ईमान आणत नाहीत तोपर्यंत, निकाह करायला मनाई आहे. सूरह माइदाच्या आयत ५ मध्ये मुस्लिम पुरुषाला अहले किताब, म्हणजे यहुदी आणि ख्रिश्चन, पाकदामन स्त्रीशी निकाहाची परवानगी आहे. मुस्लिम स्त्रीला गैरमुस्लिम पुरुषाशी निकाह करता येत नाही, यावर चारही मसलकांचे उलमा एकमत आहेत. अहले किताबच्या परवानगीलाही उलमांनी अटी सांगितल्यात, आणि मुलांची दीनी तरबियत धोक्यात येत असेल तर टाळावं असंच बहुतेक जण सांगतात.

आपल्याकडचा आणखी एक मुद्दा लक्षात ठेवावा. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. शाफई मसलकात मुलीच्या निकाहाला वली लागतो, तर हनफी मसलकात बालिग मुलगी स्वतःचा निकाह करू शकते. म्हणून उत्तर भारतातल्या एखाद्या फतव्याचा स्क्रीनशॉट दाखवून नेऱ्याच्या घरातला प्रश्न सुटेलच असं नाही. आपल्या मसलकाच्या जाणत्या आलिमांना भेटून विचारावं.

नावापुरतं कलमा पढणं

"मुलगी कलमा पढेल, मग काय अडचण?" हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. ईमान ही दिलाची गोष्ट आहे. दीनमध्ये जबरदस्तीला जागा नाही, हे कुरआननेच सांगितलंय. जी व्यक्ती फक्त लग्नाचा कागद व्हावा म्हणून कलमा पढते, तिच्यावर अन्याय होतो आणि दीनचीही थट्टा होते. पुढे नमाज, रोजा, पडदा यांवरून रोज भांडणं सुरू होतात, कारण एकाने खरं मानलेलं असतं आणि दुसऱ्याने फक्त होकार दिलेला असतो.

न्यायालयांनीही अशा धर्मांतराकडे कडक नजरेने पाहिलंय. पहिलं लग्न कायम असताना दुसरं करण्यासाठी इस्लाम स्वीकारल्याचं दाखवणाऱ्या हिंदू पुरुषाचं दुसरं लग्न बेकायदा ठरतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सरला मुद्गल प्रकरणात दिला.

याउलट, जाणत्या वयाच्या व्यक्तीने स्वतःच्या मर्जीने धर्म बदलला आणि लग्न केलं तर तो तिचा हक्क आहे. केरळच्या हादियाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने रद्द केलेलं लग्न सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये कायम केलं. धर्मांतराचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे आहेत आणि बदलत असतात. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये या विषयावरच्या कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली होती. म्हणून असं कुठलंही पाऊल उचलण्याआधी वकिलाला त्या दिवशीचा कायदा विचारावा.

दोघांनी आपापला धर्म ठेवून लग्न करायचं असेल तर

देशाच्या कायद्यात त्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. यात कोणालाही धर्म बदलावा लागत नाही. शरीयतच्या नजरेने हा निकाह नाही, ही गोष्ट वेगळी, आणि मुलांना ती स्पष्ट सांगायलाच हवी. पण कायद्याने ते पूर्ण वैध लग्न आहे. त्याची पद्धत अशी:

• मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षं पूर्ण. दोघांचाही आधीचा जोडीदार हयात नसावा, किंवा आधीचं लग्न कायद्याने मोडलेलं असावं.

• दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे आणि नोटीस ऑनलाइनही देता येते. नेरे रायगड जिल्ह्यात येतं.

• ही नोटीस कार्यालयात लावली जाते. ३० दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो, पण फक्त कायद्यातल्या अटींवर: वय, आधीचं लग्न, जवळचं रक्ताचं नातं वगैरे. "धर्म वेगळा आहे" किंवा "आम्हाला मान्य नाही" ही हरकत चालत नाही.

• त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नव्याने नोटीस द्यावी लागते.

वारसा: इथेच सगळ्यात जास्त गैरसमज

निकाह लावला आणि बायको हिंदूच राहिली, असं झालं तर? जानेवारी २०१९ मध्ये मोहम्मद सलीम विरुद्ध शमसुद्दीन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुस्लिम पुरुषाचं मूर्तिपूजक स्त्रीशी झालेलं लग्न बातिल नाही, तर फासिद, म्हणजे अनियमित आहे. अशा लग्नातली मुलं औरस असतात आणि बापाच्या मालमत्तेत त्यांना हिस्सा मिळतो. बायकोला मेहर मिळते, पण नवऱ्याच्या मालमत्तेत वारसाहक्क मिळत नाही. वीस-पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याच्या मरणानंतर हे कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

विशेष विवाह कायद्याने लग्न केलं तर वारसा भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे ठरतो. नवरा मृत्युपत्र न करता वारला आणि मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश, त्यात मुलगा-मुलगी समान. मृत्युपत्रावर एक तृतीयांशाची मर्यादाही राहत नाही. म्हणजे शरीयतचा वारसा कायदा त्या कुटुंबाला लागू होत नाही. ज्याला शरई वाटणी हवी त्याने हे आधीच समजून घ्यावं. दुसऱ्या बाजूला हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातला असेल तर या लग्नाने तो कायद्याने त्या एकत्र कुटुंबातून वेगळा झाल्याचं धरलं जातं.

वय कमी असेल तर हा विषय प्रेमाचा राहत नाही

मुलांच्या आई-बाबांनी हा भाग दोनदा वाचावा. १८ वर्षांखालच्या मुलीची संमती कायदा मानत नाही. १९ वर्षांचा मुलगा आणि १७ वर्षांची मुलगी, "दोघांच्या मर्जीने" म्हटलं तरी पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. मुलगा वेगळ्या धर्माचा असेल तर प्रकरण घरापुरतं राहत नाही, पूर्ण वस्तीवर येतं. शिवाय जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पाळायचा इरादा नसताना लग्नाचं वचन देऊन किंवा ओळख लपवून लग्न करून शरीरसंबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नाव बदलून किंवा धर्म लपवून ओळख वाढवणं हे दीनमध्ये धोका आणि कायद्याने गुन्ह्याकडे जाणारी वाट आहे. आपल्या मुलग्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

मुंबईची जुनी गोष्ट

हा प्रश्न आजचा नाही. १९१८ मध्ये मुंबईचे बॅरिस्टर मुहम्मद अली जिना आणि सर दिनशा पेटिट यांची मुलगी रतनबाई यांचं लग्न झालं. पारशी घरातल्या रतनबाईंनी त्याआधी इस्लाम स्वीकारला होता. वडिलांनी कडाडून विरोध केला आणि मुलगी माहेराला तुटली. पुढे नवरा-बायकोतही अंतर पडलं, आणि १९२९ मध्ये अवघ्या २९ व्या वर्षी रतनबाई वारल्या. त्यांची कबर माझगावला आहे. १९३८ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी दीना हिने पारशी घराण्यातल्या ख्रिश्चन नेव्हिल वाडियांशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा विरोध करणारे वडील स्वतः जिना होते. बाप-लेकीत दुरावा आला.

दुसरं उदाहरण नर्गिस आणि सुनील दत्त यांचं. १९५८ मध्ये लग्न झालं आणि संसार टिकला. १९८१ मध्ये नर्गिस गेल्या तेव्हा त्यांचा दफनविधी मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात झाला. मय्यतीचा प्रश्न कुठल्याही आंतरधर्मीय घरात कधीतरी येतोच. तो मय्यत घरात असताना नाही, आधी बोलून ठेवायचा असतो.

दोघांनी आधी बोलून घ्यायच्या गोष्टी

मुलांचं नाव आणि दीन काय असेल? खतना होणार का? घरात जेवण कसलं, ईद आणि गणपती दोन्ही कसे? एकाला घरात मूर्ती हवी आणि दुसऱ्याला चालत नाही, तर? आई-बाबांच्या म्हातारपणी कोण बघणार? मेल्यावर दफन की दहन? या प्रश्नांना "बघू नंतर" असं उत्तर येत असेल तर लग्न अजून ठरलेलं नाही असं समजावं. ज्याला स्वतःचा दीन महत्त्वाचा वाटतो त्याने तो प्रेमापायी लपवू नये. लपवलेली गोष्ट पहिल्या मुलाच्या जन्मानंतर बाहेर येतेच.

घरच्यांनी काय करावं, काय करू नये

आधी पूर्ण ऐकून घ्या. नाराजी सांगा, दीनचं म्हणणं सांगा, रडू आलं तर रडा. पण फोन काढून घेणं, खोलीत कोंडणं, मारणं, घाईघाईत दुसरीकडे निकाह लावणं यातलं काही करू नका. मर्जीविरुद्धच्या निकाहाला दीनमध्येही मान नाही, आणि जाणत्या मुलीला कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या लता सिंह निकालात सज्ञान जोडप्यांना संरक्षण द्यायला पोलिसांना सांगितलं. २०१८ च्या शक्तिवाहिनी निकालात प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची व्यवस्था करायला सांगितलं.

मोहल्ल्यातल्या लोकांनाही सांगणं आहे. कोणाच्या घरातली गोष्ट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. एका फॉरवर्डमुळे वस्तीत तणाव होतो आणि भोगावं त्या मुलीला लागतं.

कोणाला धमकी असेल तर ११२ वर फोन करावा. महिलांसाठी १८१, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० आहे, आणि विधी सेवा समितीचं काम तालुका पातळीवरही चालतं. नेऱ्याहून पनवेलचं कोर्ट दूर नाही. महिला, गरीब आणि इतर पात्र लोकांना वकील मोफत मिळतो.

मुलाने किंवा मुलीने हे नातं सोडलं तर तिच्यावर आयुष्यभर टोमणे मारू नका. तिने लग्न केलं आणि तुम्हाला ते मान्य नसलं, तरी नातं तोडू नका. सिलारहमी, म्हणजे रक्ताचं नातं जोडून ठेवणं, हाही दीनचाच हुकूम आहे. निकाह मान्य नसताना ईदच्या दिवशी लेकीला फोन करता येतो. तो फोन करायला कुठल्याही आलिमाची परवानगी लागत नाही.