उजव्या कुशीतली कळ

पोटात उजवीकडे खाली कळ आली की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, ‘अपेंडिक्स तर नसेल?’ इतका घरगुती झालेला हा आजार. पण ‘अपेंडिसायटिस’ हा शब्द रूढ झाला 1886 नंतर. त्या वर्षी बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी दाखवून दिलं, की पोटातल्या जीवघेण्या पिकण्याचं मूळ बहुधा आतड्याच्या इवल्याशा शेपटीत, आंत्रपुच्छात असतं. 1889 मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी बोटानं दाबून पाहण्याची नेमकी जागा सांगितली. आणि 1902 मध्ये राज्याभिषेक दोन दिवसांवर आलेला असताना इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्यावरच शस्त्रक्रिया करावी लागली. सोहळा 26 जूनऐवजी 9 ऑगस्टला झाला. आजाराचं नाव सर्वतोमुखी झालं.

त्याच जागी उठणाऱ्या दुसऱ्या एका कळेला असा राजा भेटला नाही, कारण ती बायकांची कळ. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर कधी कधी गर्भाशयाबाहेर रुजतो. त्याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. तो अंडाशयावर असतो, आतड्यावर असतो, क्वचित आंत्रपुच्छातही. पाळीच्या चक्राबरोबर तोही सुजतो, रक्ताळतो. पण त्या रक्ताला बाहेर वाट नसते. आंत्रपुच्छाची पोकळी बुजली की कळ, मळमळ, ताप, सगळं हुबेहूब अपेंडिसायटिससारखं. शस्त्रक्रिया होते, आणि खरं कारण कळतं ते काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावर.

अमेरिकेत ऑल्बनीचे जॉन सॅम्पसन यांनी 1921 पासून या विकाराचा पाठपुरावा केला. पाळीचं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात उतरतं आणि त्यातल्या पेशी तिथं रुजतात, असं त्यांनी 1927 मध्ये मांडलं. सगळ्याच रुग्णांचा उलगडा त्यानं होत नाही, तरी आजही चर्चा तिथूनच सुरू होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रिया व मुलींना हा विकार असतो. तरी आपल्याकडे ‘पाळीत दुखायचंच’ म्हणून मुलीला गप्प बसवलं जातं. अचानक उठलेली कळ अंगावर काढू नये, हे खरंच. पण डॉक्टरांना पाळीची तारीखही सांगावी, दर महिन्याला दुखतं का तेही सांगावं. आणि शस्त्रक्रियेनंतर येणारा तपासणीचा कागद वाचून घ्यावा. कितीतरी जणींच्या दुखण्याचं नाव त्या कागदावरच पहिल्यांदा लिहिलं गेलं आहे.