गाळाने घडवलेले पाखरांचे गाव

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. हिवाळ्यात चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर गर्दी करणाऱ्यांना समोरची पाणथळ जागा निसर्गाने सांभाळून ठेवलेली वाटते. तिचा इतिहास मात्र वेगळा आहे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनच्या अवर्षणग्रस्त भागात पाटबंधारे वाढवण्याचा विचार सुरू झाला. त्याच काळात, १९०७ मध्ये, या बंधाऱ्याचे काम हाती घेतले गेले. नदीचे पाणी अडवून डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगावच्या बाजूला न्यायचे, एवढाच त्यामागचा हेतू होता. पाखरांचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. ती आली गाळामुळे. पावसाळी पुराबरोबर आलेली काळी माती बंधाऱ्यामागे प्रवाह मंदावताच तळाशी बसत गेली. दशकामागून दशके हे चालले. पात्र उथळ झाले, मधे बेटे उठली, काठाला पाणकणीस आणि लव्हाळी माजली. साठा घटला, म्हणजे अभियंत्याच्या हिशेबी तोटाच. पण तलवार बदक डोके पाण्यात आणि शेपूट वर करून चिखलातले दाणे टिपते, थापट्या पसरट चोचीने पाणी गाळून बारीक जीव वेचतो. दोघांनाही खोल पाणी नको, वीतभर हवे. धरणाची जी उणीव, तीच पाखरांची सोय झाली.

म्हणूनच माझे म्हणणे असे, की ही जागा जपायची तर तिला माणसापासून तोडून चालणार नाही. ती माणसाच्या पाणीव्यवहारातूनच जन्मली आहे. नांदूरमध्यमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात, तेव्हा भरतपूरच्या इतिहासातूनही काही शिकायला हवे. तिथली केवलादेवची पाणथळ जागाही बांधबंदिस्ती आणि कालव्याच्या पाण्यावर उभी राहिली, संस्थानिकांच्या बदकांच्या शिकारीसाठी. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तिथल्या दगडावर आजही वाचता येतो. पुढे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये चराई एकदम बंद केली गेली. त्यावरून झालेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. एवढी किंमत मोजून पाखरांचा फायदा झाला का? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून उलटेच निघाले: म्हशी चरायच्या थांबल्यावर गवताने उघडे पाणी झाकले आणि पाणपक्ष्यांची जागा आक्रसली. आधी विचारले असते, तर म्हशींचे काम काय हे गुराख्यांनी सांगितले असते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. माणसाने केलेले पाणवठे माणसाच्या हाती सोडले, तर शेती, सांडपाणी आणि मासेमारी त्यांना गिळून टाकतील. नाशिकची घाण आणि पाणवेली वाहून येताना पाहिल्या की ही भीती खोटी म्हणता येत नाही. १९८६ मध्ये इथे अभयारण्य घोषित झाले, २०२० मध्ये हे राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. या संरक्षणाचे मोल मोठे आहे, आणि शिकारीवरची बंदी तर निर्विवाद हवी. पण कायद्याची हद्द जमिनीवर आखता येते. पाण्याची पातळी ठरते ती वर दारणा आणि गंगापूर धरणांतून किती विसर्ग होतो आणि खाली कालव्याचे आवर्तन केव्हा सुटते यावर. ऐन हंगामात पाणी अचानक चढले तर उथळ काठ बुडतो, उतरले तर बेटांभोवतीचा चर कोरडा पडून भटक्या कुत्र्यांना वाट मिळते. वनखात्याच्या पाटीने यातले काहीच थांबत नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा: गाळ काढा, पाणी वाढेल. कालव्यावर पीक अवलंबून असलेल्या माणसाची ही मागणी रास्त आहे, ती हेटाळण्यासारखी नाही. कालव्याच्या तोंडाशी साचलेला गाळ काढायला हरकत कसली? पण सगळी बेटे खरवडली तर खाद्य, आडोसा आणि विश्रांतीची जागा एकदम जाईल, आणि पुढचे पूर पुन्हा गाळ आणतीलच. म्हणून कोणता गाळ काढायचा आणि कोणता ठेवायचा हे पाटबंधारे खाते, वनखाते आणि काठच्या गावांनी एकत्र बसून ठरवावे. आवर्तनाचे वेळापत्रक आखताना हिवाळ्यातली पातळी हाही त्यातला एक रकाना असावा.