वाटेवरचे पाय : भांडुप ते गोवर्धन

ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये भांडुपविषयी मोजकाच मजकूर आहे. परंतु आमच्या या उपनगराच्या इतिहासातील दोन गोष्टी आम्हां भांडुपकरांना विसरता येत नाहीत. पहिली गोष्ट दारूची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे रम गाळण्याचा मोठा कारखाना होता. त्याचा मालक ल्यूक ॲशबर्नर हा मुंबईचा आल्डरमन आणि 'बॉम्बे कुरिअर'चा संपादक. मायदेशी परतताना त्याने ही मालमत्ता आपले कारभारी कावसजी माणेकजी यांच्या हवाली केली आणि कावसजींनी सरकारला दरसाल एक लाख गॅलन रम पुरवण्याचे पत्करले. दुसरी गोष्ट वाटेची. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले असता, मुंबई ही ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व भोर घाटांशी लोहमार्गाने जोडावी ही कल्पना त्यांना प्रथम सुचली, असे सांगितले जाते. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली. १८६५ मध्ये लोहमार्ग थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचला.

मद्य आणि वाट यांची अशी सांगड भांडुपात योगायोगाने पडली असेल. परंतु तोच थळ घाट चढून नाशिकला गेले की ती योगायोगाची राहत नाही. गंगापूर, दिंडोरी, गिरणारे या टापूत द्राक्षबागांच्या पलीकडे डोंगर, डोंगरांवर किल्ले आणि लेणी, आणि या सर्वांना जोडणाऱ्या शेकडो पायवाटा आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या पायवाटांवर एक नवा प्रवासी दिसू लागला आहे. डांबरी रस्ता सोडून डोंगरवाटेने धावणाऱ्या या मंडळींच्या छंदाला 'ट्रेल रनिंग' म्हणतात. फ्रान्समध्ये मेदोकच्या द्राक्षमळ्यांतून १९८५ पासून मॅरेथॉन होते आणि वाटेत धावकांना वाइनही दिली जाते. आपल्याकडे सह्याद्रीत सिंहगड–राजगड–तोरणा अशी लांब पल्ल्याची शर्यत होऊ लागली आहे. नाशिककडे मात्र अजून बहुतांशी हौशी लोकांची छोटी टोळकीच पहाटे या वाटांवर भेटतात.

आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक. आमच्यापैकी कोणीही धावत नाही. तरीही या वाटांकडे आम्ही वळलो ते एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे. हा मुलगा भांडुपच्या डोंगरउतारावर, खिंडीपाड्याच्या बाजूला राहणारा. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावण्याचा सराव करी आणि पहिल्या तासाला हटकून पेंगे. वर्गात कोणीतरी डोंगरवाटेवरील शर्यतीचा व प्रवेशशुल्काचा विषय काढला, तेव्हा तो खडबडून जागा झाला व म्हणाला, "मॅडम, हे लोक पैसे भरून धावतात?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. परंतु त्या प्रश्नात एक ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे, हे आमच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. वाटेवर कोण हौसेने धावले आणि कोणाला धावावे लागले?

या प्रश्नाचा माग काढायचा तर आरंभ गोवर्धनपासून करावा लागेल. नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी, गंगापूरला लागून हे गाव आहे. पांडवलेण्यांच्या शिलालेखांत येणारे गोवर्धन ते हेच, असे अभ्यासक मानतात. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यात आपल्या दानांची यादी कोरून ठेवली आहे. गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंचा चीवरांचा व इतर खर्च त्यातून भागायचा. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक हा भाग नेहमी उद्धृत करतात.

आमचे लक्ष मात्र त्याच लेण्यातील दुसऱ्या भागाकडे गेले. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे आपले सोपारे, या चार ठिकाणी उषवदाताने धर्मशाळा बांधल्या, विहिरी व तळी खोदली. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्या उतरून जाण्यासाठी त्याने विनामूल्य नावा ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्या. म्हणजे राजघराण्यातील एक पुरुष आपले पुण्य दगडात कोरताना वाटसरूची तहान आणि त्याचा नावेचा उतारा यांची आठवण ठेवतो. वाट सर्वांना मोकळी असावी, हे येथे दान म्हणून आले आहे, आणि दान म्हणून येणे याचाच अर्थ एरवी ती तशी नसे.

'गाथासप्तशती'च्या वाचकाला येथे पाणपोईवरची तरुणी आठवल्यावाचून राहणार नाही. पथिक बोटांच्या फटींतून पाणी गळू देतो आणि तीही धार बारीक करत जाते, हा प्रसंग आपण शृंगार म्हणून शिकवतो. तो शृंगार आहेच. पण पाणपोई ही त्या काळची प्रत्यक्ष व्यवस्था होती, हे शिलालेख शेजारी ठेवल्यावाचून कळत नाही. आज शर्यतीच्या आयोजकांनी ठरावीक अंतरावर मांडलेली पाण्याची टेबले पाहिली की ही परंपरा किती जुनी आहे, याची जाणीव होते.

आणि मद्य? ते या वाटांवर तेव्हाही होते. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात भरुकच्छाला येणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे. इटलीच्या मद्याला पहिली पसंती, त्याखालोखाल लाओदिकीयाचे आणि अरबस्तानचे, असा तपशीलही आहे. पैठण आणि तेर येथून माल बिकट वाटांनी गाड्यांवरून बंदराकडे जाई, असेही तो ग्रंथ सांगतो. पांडवलेण्यातील सतरावे लेणे खोदवणारा इंद्राग्निदत्त हा तर उत्तरेकडील दत्तामित्री नगराचा यवन. तेव्हा परदेशी मद्य, परदेशी माणूस आणि डोंगरातली वाट ही या भूमीला नवी नाहीत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी येथे वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली आणि २००१ मध्ये राज्याचे द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर झाले. सुलाची वायनरी उभी राहिली ती गोवर्धनच्याच शिवारात. विणकरांच्या श्रेणींचे गाव अशा रीतीने मद्याचे गाव झाले.

आता अवशेषांकडे वळू. नाशिकचे किल्ले पाहताना मोडलेला बुरूज जेवढा चटकन दिसतो तेवढी मोडलेली वाट दिसत नाही. दिंडोरीच्या अंगाला, आशेवाडीच्या माथ्यावर रामशेज आहे. किल्ला तसा बुटका, चढ सोपा. धावणारे तो अल्पावधीत चढून जातात. याच किल्ल्याला १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेचा वेढा पडला आणि तो पाच वर्षांहून अधिक काळ झुंजला. किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या, चामडे मढवलेल्या तोफा करून त्या डागल्या, असे खाफीखान लिहितो. पुढे एप्रिल १८१८ मध्ये कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेपुढे त्र्यंबकगड पडला आणि त्या पाठोपाठ आणखी सतरा किल्ले इंग्रजांच्या स्वाधीन झाले. नंतर इंग्रजांनी या भागातील अनेक किल्ल्यांच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. तट-बुरूज पाडण्यापेक्षा वाट तोडणे स्वस्त आणि अधिक परिणामकारक होते, कारण चढून जायला वाटच उरली नाही की किल्ला आपोआप मुका होतो. आज दोर लावून जेथे चढावे लागते, तेथे निसर्गाची अवघड रचना नसून पुष्कळदा प्रशासनाचा निर्णय असतो.

वाटेचा आणखी एक इतिहास परंपरेने जपला आहे. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, विठ्ठलपंतांच्या कुटुंबाची पांगापांग झाली आणि लहानगा निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला. तेथे त्याला गहिनीनाथ भेटले, अशी कथा आपण सर्वजण जाणतो. निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांकडे गेलेला उपदेश या घटनेपासून सुरू होतो. मराठी संतपरंपरेच्या मुळाशी डोंगरवाटेवरचे एक जिवाच्या आकांताने धावणे आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. आजही श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणारे हजारो लोक, पुष्कळसे अनवाणी, त्याच वाटेने जातात.

जासुदाचे धावणेही असेच सक्तीचे. मराठेशाहीतील पत्रव्यवहार जासुदांच्या जोड्यांनी वाहिला. पत्र कोणी लिहिले, कोणाला लिहिले, कोणत्या तिथीस पोहोचले याचा आपण काथ्याकूट करतो. परंतु ते ज्याच्या पायांनी पोहोचले त्याची नोंद बहुधा 'जासूद जोडी' एवढ्यावर आटोपते. उषवदाताच्या लेखातही नाव उषवदाताचे आहे, नावाड्याचे नाही.

हे सारे टिपण करून आम्ही काही विद्यार्थ्यांसह एका फेब्रुवारीत गोवर्धन ते गिरणारे अशी पायपीट केली. द्राक्षांचा खुडा जोरात होता. एके ठिकाणी जुनी पायवाट एका बागेच्या तारेच्या कुंपणाशी येऊन थांबली. पलीकडे ती पुन्हा दिसत होती. मधला टप्पा मांडवाखाली गेला होता. आम्ही उभे असताना घड कापणाऱ्या बायकांपैकी एकीने कात्री कमरेला खोचली आणि ओढ्याच्या कडेने कसे जायचे ते हातानेच दाखवले. आमच्या त्या विद्यार्थ्याने तिला विचारले, "मावशी, गाव कोणतं?" "सुरगाण्याकडचं," ती म्हणाली. तेव्हा तो हळूच आम्हांला म्हणाला, "आईपण तिकडचीच. लग्नाआधी यायची ती गिरणाऱ्याला, बागेच्या कामाला. घाट चालतच उतरायची." तीन वर्षे तो आमच्या वर्गात होता आणि ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती.

पेठ, सुरगाणा, हरसूल या आदिवासी भागांतून दरवर्षी मजुरांच्या टोळ्या नाशिकच्या बागांत येतात. गिरणाऱ्याला त्यांचा मजूरबाजार भरतो. खरड छाटणी, गोडी छाटणी, विरळणी, खुडा या प्रत्येक कामाला त्यांचे हात लागतात. उषवदाताने जिच्यावर विनामूल्य नाव ठेवली ती पारादा म्हणजे आजची पार नदी याच सुरगाण्याच्या डोंगरांत उगम पावते. ज्यांच्या नदीवर दोन हजार वर्षांपूर्वी उताऱ्याची सोय झाली, त्यांच्याच लेकीबाळी आज दुसऱ्याच्या कुंपणाआतून आम्हांला वाट दाखवत होत्या.

याच पट्ट्यात, हरसूलजवळच्या सावरपाड्यात, कविता राऊत वाढल्या. डोंगराळ पाड्यावर अनवाणी धावणारी ही आदिवासी मुलगी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदकाची मानकरी ठरली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्य मिळवले आणि २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. लोकांनी तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हटले. या टापूतील डोंगरवाटांवर धावण्याची परंपरा शोधणाऱ्याने परदेशातील शर्यतींआधी सावरपाड्याकडे पाहिले पाहिजे.

यावरून हौशी धावणाऱ्यांना आम्ही दोष देतो आहोत, असा समज कृपया होऊ नये. वस्तुतः आमचे मत उलट झाले आहे. पायवाट ही दगडी वास्तूसारखी आपोआप उभी राहत नाही. दोन-तीन पावसाळे तिच्यावर पाय पडला नाही तर ती रानात विरून जाते, आणि मग कुंपण घालणाऱ्याला कोणी विचारणाराही उरत नाही. मोटारसायकली व जीपगाड्या आल्यापासून मजूरही या वाटा सोडू लागले आहेत. अशा वेळी पहाटे तिच्यावरून जाणारा धावक, त्याचा हेतू काहीही असो, ती वाट जिती ठेवतो. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की शर्यतीच्या नकाशावर किल्ला, लेणे आणि वायनरी यांच्या जोडीला वाटेतल्या पाड्यांची नावेही असावीत.

भांडुपला परतल्यावर आम्हांला आणखी एक गोष्ट जाणवली. येथील जलशुद्धीकरण संकुलात येणाऱ्या पाण्यात वैतरणेचे पाणी असते आणि वैतरणा त्र्यंबकच्याच डोंगरांतून येते. नळ सोडताना आपण त्या डोंगराचे पाणी पितो. खिंडीपाडा या नावातली खिंडही कधीकाळची वाटच असणार. तिच्यावरून कोण गेले, हे कोणीही लिहून ठेवलेले नाही. आमचा विद्यार्थी अजून त्याच चढावर पहाटे १६०० मीटरचा सराव करतो. पुढच्या भरतीसाठी त्याला काही सेकंद कमी करायचे आहेत. आईची वाट त्याने कागदावर काढून आम्हांला दिली आहे. तिच्यावर अकरा पाड्यांची नावे आहेत, आणि त्यांतली बहुतेक आमच्या नकाशात सापडली नाहीत.