मुक्कामामागून मुक्काम

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास आपण बहुतेक नटांच्या आणि नाटककारांच्या बाजूने लिहिला. गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’, चिंतामणराव कोल्हटकरांची ‘बहुरूपी’, गोविंदराव टेंब्यांची आत्मपर पुस्तके हा सारा ऐवज पडद्याच्या आतल्या माणसांचा आहे. पडद्याच्या बाहेर, तिकीट काढून बसलेल्या माणसाचे दप्तर मात्र कोणी ठेवले नाही. कंपनीच्या वहीत तिकिटांची बेरीज असे. तेच तिकीट तोच मनुष्य नवव्यांदा घेतो आहे की काय, याची नोंद करण्याचे वहीला कारण नव्हते. आज मला या नवव्यांदा येणाऱ्या माणसाविषयी बोलायचे आहे.

हा मनुष्य पुण्यात पुष्कळ होता. बुधवारातल्या किंवा शनिवारातल्या जुन्या घरात त्याची आठवण आजही एखाद्या वाक्यात निघते, ‘त्यांना गंधर्वांचे वेड होते हो!’ एकदा ‘स्वयंवर’ पाहून चार दिवस पदे गुणगुणणारा तो हा नव्हे. कंपनीचा मुक्काम पुण्याहून हलून मिरजेला गेला, की याचे मिरजेला काहीतरी काम निघे. कंपनी बेळगावास गेली की बेळगावचे एखादे लग्न चुकवून चालत नसे. घरातल्यांनाही सारे ठाऊक असे, पण कारण सांगण्याची आणि ऐकून घेण्याची रीत दोन्हीकडून पाळली जाई.

असा मनुष्य निर्माण व्हायला दोन गोष्टी लागतात. एक फिरती कंपनी आणि दुसरी आगगाडी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभे केले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. फिरणे त्यांनाही चुकले नाही, पण ते दिवस बैलगाडीचे होते. नाटकवाल्यांच्या मागून बैलगाडीने जायचे म्हणजे नाटकवालाच व्हावे लागेल! अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाले, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत पुण्याहून दक्षिणेकडे मिरज-बेळगावपर्यंत रूळ पडले. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरची गाडी सुरू झाली. नागपूरची वाट तर आधीपासूनच, म्हणजे १८६७ पासून, मोकळी होती. नाटक कंपन्यांचा फेरा पुढे बराचसा या रुळांवरूनच बसला. मुंबई, पुणे, सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी. दुसऱ्या अंगाला नाशिक, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर. आणि मराठी माणसांच्या आश्रयाची बडोदे-इंदूर ही संस्थानी गावे.

पुणे या फेऱ्यात नाक्यावर होते. मुंबईहून येणारे रूळ रुंद आणि मिरजेकडे जाणारे अरुंद, तेव्हा पडदे, पंखे, ऑर्गन, भरजरी शालूंच्या पेट्या सारे काही पुण्याला एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावे लागे. मोठ्या कंपनीचे बिऱ्हाड म्हणजे एक फिरते गावच. नट, साजिंदे, पडदे ओढणारे, रंगवाले, आचारी आणि पंगती. एकेका गावी मुक्काम महिना-दोन महिने पडे आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री खेळ होई. मागून जाणाऱ्याची सोय या हिशेबातच होती. शनिवारची रात्र मिरजेत काढून सोमवारी कचेरीत, डोळे लाल का होईनात, हजर राहता येई.

आता मुख्य प्रश्न. तेच नाटक, तीच पदे, शेवट पाठ. मग पुन्हा पुन्हा जायचे कशाला? बाहेरून पाहणाऱ्याला हे निव्वळ वेड वाटे, आणि घरातल्या बाईला तर हमखास तसे वाटे. माझे म्हणणे असे, की हा मनुष्य वेडा नव्हता. त्याचा हिशेब बरोबर होता. नाटक तेच असले तरी गाणे ते नसे.

‘स्वयंवर’ घ्या. १० डिसेंबर १९१६ रोजी गंधर्व नाटक मंडळीने ते प्रथम केले. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवांनी चाली दिल्या त्या थेट ख्यालाच्या, ठुमरीच्या बंदिशींवरून. अशी चाल म्हणजे घराचा नुसता पाया. त्यावर त्या रात्री काय उभे राहील ते गाणाऱ्याच्या गळ्यावर, साथीवर आणि समोरच्या माणसांवर ठरे. साथीला एका बाजूला कादरबक्षांची सारंगी, दुसऱ्या बाजूला काही काळ अहमदजान थिरकवांचा तबला. मध्ये रुक्मिणीच्या वेषात नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. शनिवारच्या रुक्मिणीने एखादी ओळ सरळ म्हणून सोडून दिली असेल, तर बुधवारची रुक्मिणी त्याच ओळीपाशी दहा मिनिटे थांबे. ती ओळ कोणत्या रात्री उमलेल ते सांगता येत नसे, आणि ज्याला ती गाठायची होती त्याला सगळ्या रात्री जाणे भाग होते.

ध्वनिमुद्रिका होत्या, हे खरे. पण तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. तेवढ्यात पद बसवायचे म्हणजे शालूची घडी करून डबीत भरण्यासारखे. ज्याने थिएटरात ते पद ऐकले होते, त्याला तबकडी ऐकताना बाहेर काय काय राहिले ते कळे. ज्याने ऐकले नव्हते, तो तबकडीलाच पद समजे. आज आपण सारे दुसऱ्या जातीचे आहोत.

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत १९६५ साली निघालेल्या ‘ग्रेटफुल डेड’ नावाच्या वाद्यवृंदामागे तिथली तरुण मंडळी गाड्या घेऊन गावोगाव फिरत, थेट १९९५ साली त्यांचा प्रमुख वादक जेरी गार्सिया वारेपर्यंत. त्यांना ‘डेडहेड’ असे नावच पडले होते. लोक त्यांनाही रिकामटेकडे म्हणत. पण त्या वाद्यवृंदाची रीत अशी, की रोज गाण्यांची यादी वेगळी आणि प्रत्येक गाणे वाजवता वाजवता वाढवायचे. म्हणजे कारण तेच! फरक इतकाच, की त्यांच्या चाहत्यांपाशी ध्वनिफितीची यंत्रे होती, आणि १९८४ पासून मंडळींनी अशा मुद्रण करणाऱ्यांसाठी बसायला निराळी जागाच राखली. आपल्या मिरजेच्या पाहुण्यापाशी कानाखेरीज काही नव्हते.

या मागून जाणाऱ्यांचे थिएटरातले स्थानही समजून घेतले पाहिजे. गावचा प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देई तो खूश होऊन. हा देई तो जाणून. कोणत्या पदात अजून जागा शिल्लक आहे, आज आवाज कुठल्या सुरावर ठरला आहे, हे त्याला आधीच्या मुक्कामावरून ठाऊक असे. रंगमंचावरूनही ते ओळखले जात असले पाहिजे. बालगंधर्व प्रेक्षकांना मायबाप म्हणत, आणि १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’च्या पहिल्या खेळाच्या दिवशी घरात मूल गेलेले असताना ते भामिनीच्या वेषात उभे राहिले, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. आपण ती नटाच्या निष्ठेची म्हणून सांगतो. मला ती वाचताना खुर्च्यांत बसलेल्यांचाही विचार येतो. एखाद्या माणसाकडून आपण किती मागतो, याचा हिशेब भक्त सहसा ठेवत नाही.

तो न ठेवल्याचे परिणाम नाटकावर झाले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. वन्स मोअरांनी नाटक लांबत लांबत पहाटेवर जाई. गोष्ट जागच्या जागी थिजे, खाडिलकरांचे संवाद दोन पदांमधले अंतर भरण्यापुरते उरत. ‘एकच प्याला’चे उदाहरण मला नेहमी खटकते. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि नाटक रंगभूमीवर आले ते २० फेब्रुवारीला, बडोद्यास. नाटककाराने न पाहिलेले हे नाटक. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरात सिंधू बसली आहे, आणि समोरून टाळ्या पडताहेत, ‘पुन्हा एकदा!’ पुण्याहून मुंबई आणि मुंबईहून रात्रीच्या गाडीने बडोदे गाठलेल्या माणसाने त्या टाळीत हात मिसळला नसेल, असे मी म्हणू शकत नाही. सिंधूचे दुःख त्याला कळत होते. पण तो आला होता गाण्यासाठी.

खर्चाचेही तसेच. ‘द्रौपदी’च्या वेळी, १९२० साली, मयसभेच्या देखाव्यावर पैसा पाण्यासारखा ओतला गेला. खरे दागिने, खरी अत्तरे, भारी शालू. मायबापांना खोटे कसे दाखवायचे, हा बालगंधर्वांचा विचार. पुढची कित्येक वर्षे कंपनी कर्ज फेडत गावोगाव फिरत राहिली. आवडत्या मंडळींचे मुक्काम वाढले म्हणून मागून जाणारे खूश. ते मुक्काम सावकाराच्या व्याजापायी वाढले होते.

या सगळ्या वर्णनात मी ‘तो’ म्हणतो आहे, ते मुद्दाम. मागून जाण्याची मोकळीक पुरुषालाच होती, त्यातही पगारी किंवा जमीन-जुमला असलेल्याला. बायकांना थिएटरात बसायची जागा निराळी, आणि कंपनी आपल्या गावी येईल तेव्हाच. पण मौज अशी, की कंपनीची खरी खूण राहिली ती बायकांपाशी. बालगंधर्व लुगडे कसे नेसतात, पदर कसा घेतात, अंबाड्यावर फुले कशी माळतात, हे पाहून घरोघरच्या लेकीसुना तसे करू लागल्या. एका पुरुषाने स्त्रीची चालरीत ठरवावी आणि स्त्रियांनी ती उचलावी, यावर एक निराळे व्याख्यान होईल. एवढे खरे, की नवरा मुक्कामामागून मुक्काम हिंडून जे कानात घेऊन येई, त्याहून अधिक त्याची बायको एका रात्रीत डोळ्यांत साठवून घरी आणी. तिचे वेड कोणाच्या तोंडी राहिले नाही.

भक्तांतही पक्ष होते. एक गंधर्वांचा, दुसरा केशवराव भोसल्यांचा. केशवरावांची ललितकलादर्श, गळा तेजस्वी, ताना विजेसारख्या. दोन्हीकडची मंडळी एकमेकांच्या नाटकांना जात ती उणे काढायला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाले. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व, लक्ष्मीधर गणपतराव बोडस. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे. तरी गावोगावचे लोक मुंबईत लोटले. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरच्या ४ तारखेला वारले. ती जोडी ऐकलेला मनुष्य पुढे जन्मभर दोन्ही पक्षांत मानाने बसत असे.

पाठलाग करणाऱ्यांतला एक तरी लिहिता झाला, हे आपले भाग्य. वसंत शांताराम देसाई हे वकील. गंधर्वांच्या नाटकांच्या ओढीने ते कंपनीच्या इतके जवळ गेले, की त्यांचीच ‘विधिलिखित’ आणि ‘अमृतसिद्धी’ ही नाटके कंपनीने केली. त्यांचा ‘मखमलीचा पडदा’ १९४७ साली आला. त्या पुस्तकाची गोडी अशी, की लिहिणारा आत गेला तरी त्याचे कान बाहेरच्या खुर्चीतच राहिले आहेत.

मग बोलपट आला. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालचा. बोलपटाने नाटक कंपन्या बुडवल्या हे आपण नेहमी ऐकतो. त्याने मागून जाणारा प्रेक्षकही बुडवला, हे कमी ऐकतो. पुण्याला जे चित्र तेच मिरजेला, टाचणीचा फरक नाही. मग मिरजेला जायचे कशाला? प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व १९३५ साली एकनाथांच्या भूमिकेत आले. दाढीमिशांतली ती आकृती पाहून जुने लोक हळहळले, पण त्यांच्या हळहळण्यात आणखी एक गोष्ट असावी असे मला वाटते. चित्र दुसऱ्यांदा पाहिले तरी अभंगात एक हरकतही नवी येत नव्हती.

बालगंधर्व त्यानंतरही फिरले. साठी उलटली, पाय अधू झाले, आवाजाला पूर्वीचा पल्ला राहिला नाही, तरी सुभद्रा आणि रुक्मिणी होऊन ते उभे राहत, आणि जुनी मंडळी येत. याबद्दल दोन मते आहेत. कोणी म्हणतात, या भक्तांनीच त्यांना थांबू दिले नाही. एकाने तरी सांगायला हवे होते. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. नव्या पोरांना रंगमंचावर एक थकलेला म्हातारा दिसे, हे खरे. पण ज्याने तेच पद तीस वर्षांत पुण्याला, मिरजेला, बेळगावला ऐकले होते, त्याला सूर जिथे तुटे तिथे पुढचे ऐकू येई. समोरच्या गळ्यातून निम्मे आणि स्वतःच्या कानातून निम्मे, असे ते पद पुरे होई. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला त्यातले काहीच कळत नसे, आणि सांगूनही कळण्यासारखे नव्हते.

८ ऑक्टोबर १९६२ रोजी पुण्यात संभाजी बागेशेजारी बालगंधर्वांच्याच हातून त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची कोनशिला बसली. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले आणि रंगमंदिर उघडले ते २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी. मागून जाणाऱ्यांपैकी जे हयात होते त्यांना आता कुठली गाडी धरायची नव्हती. जंगली महाराज रस्त्यापर्यंत चालत गेले की झाले.